सहा फूट सात इंच दीड सूत

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या घरांना दारं बसवली. घर बांधून होत आलं की त्यांना बोलावणं यायचं. भिंती ओल्या असायच्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं असायची, आणि त्या भोकांतून येणाऱ्या वाऱ्यात मिस्त्री महिना महिना मुक्काम करायचे. शेवटचं दार बसलं, कडी नीट लागते का हे बघून झालं, की वळकटी उचलायची आणि निघायचं. घराला कडी लागली की त्यांचं तिथलं काम संपलं. बायको लवकर गेली, पोरगी आत्याकडे वाढली, आणि मिस्त्रींचं वय असंच एका कडीवरून दुसऱ्या कडीवर जात छप्पन्न झालं.

बाईंचं निराळं होतं. त्यांचा शिवणाचा गाळा होता, नवऱ्यामागे एकटीनं चालवलेला. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे कोट, पडदे, जे येईल ते शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ होता. नवरा गेला तेव्हा गाळ्याचं भाडं त्यानं वर्षभर भरलं होतं, आणि ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं नाही म्हणूनच बाई त्याच्यापुढे कायम थोड्या वाकून असत. दर रविवारी तो यायचा, "जेवलीस का?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत पेपर उघडायचा.

मिस्त्री गाळ्यात पहिल्यांदा आले ते कापड बेतायचं टेबल करायला. टेबल झालं, पैसे मिळाले. पुढच्या आठवड्यात ते बघायला आले, टेबल हलतंय का. हलत नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. चौथ्या खेपेला बाई म्हणाल्या, "मिस्त्री, टेबल ठीक आहे. तुमचंच काहीतरी बिनसलंय. बसा, चहा घ्या."

दोन वर्षं चहा झाला. मग एकत्र राहायचं ठरलं. या वयात लग्नाचा खटाटोप कशाला, यावर दोघांचं एकमत होतं. मिस्त्रींची अट एकच.

"भाड्यानं नको. दुसऱ्याच्या घरातून निघायचा मला कंटाळा आलाय, बाई."

घर मिळालं ते पेटीसारखं लांबट. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बावीस फूट, रुंदी दहा. मागे सहा फुटांची एक अंधारी खोली, तिला वर फक्त झरोका. पुढची खोली मोठी, दाराशी शिवणाचं मशीन बसेल एवढी जागा, आणि बाजूच्या भिंतीला एकच खिडकी. खिडकीबाहेर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचं छप्पर आणि त्यावर झुकलेलं एक झाड दिसायचं. बाईंनी गाळा विकला. मिस्त्रींनी जमवलेलं सगळं काढलं. दोन्ही एकत्र केले तेव्हा बाईंचे सत्तर आणि मिस्त्रींचे तीस, असं प्रमाण पडलं.

कागद करायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी स्वतःहून विषय काढला.

"उद्या विचारतील, कुणाचा किती हिस्सा. निम्मं-निम्मं सांगायचं."

"पण तुमचे जास्त आहेत."

"असू देत. दारं-खिडक्या कोण करणार? ओटा, फळ्या, कपाट? मी?"

मिस्त्रींनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "नक्की ना?"

"अहो नक्की. आता काय स्टॅम्पवर लिहून देऊ?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. बाईंनी त्यांना इस्त्रीत पहिल्यांदा बघितलं. कानामागे नेहमीची चपटी पेन्सिल मात्र होतीच, ती काढायला ते विसरले होते.

कचेरीत थोरला भाऊही आला होता. बहिणीचा व्यवहार म्हणजे तो येणारच. कागद लिहिणारा कारकून जाड चष्म्याचा, घाईत असलेला माणूस होता. त्यानं नावं लिहिली, चतुःसीमा लिहिल्या, आणि मान वर न करता विचारलं, "हिस्सा किती-किती?"

भाऊ म्हणाला, "सत्तर-तीस. जसे पैसे तसं नाव. उगाच पुढे कटकट नको."

मिस्त्रींनी बाईंकडे बघितलं. बाईंनी टेबलावरच्या काचेच्या वजनाकडे बघितलं. त्यात एक बुडबुडा अडकलेला होता. दोन शब्द बोलायचे होते. पण भाऊ शेजारी बसला होता, आणि एका वर्षाचं भाडं त्याच्या न बोललेल्या तोंडात होतं. बाईंना वाटलं, आत्ता नको, मग सांगू, घरी गेल्यावर सांगू, मागाहून बदलता येतं.

कारकुनानं पेन थांबवलं. "सत्तर-तीस? लिहू?"

"लिहा," मिस्त्री म्हणाले. "बरोबर आहे. मापात आहे."

घरी आल्यावर त्यांनी सामान लावायच्या आधी खिशातला पोलादी टेप काढला. मागच्या भिंतीपासून माप घेतलं, पट्टी टेकवली, कानामागची पेन्सिल काढली आणि पुढच्या खोलीच्या फरशीवर, मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या थोडं बाहेर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका झटक्यात रेघ ओढली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"बावीसचे तीस टक्के. सहा फूट सात इंच दीड सूत." सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "इथपर्यंत माझं."

बाई हसल्या. मिस्त्रीही हसले. सुरुवातीला ती थट्टाच होती. मिस्त्री रेघेशी थांबून विचारायचे, "येऊ का?" बाई मशीनवरून म्हणायच्या, "पाय पुसून या." शेजारीण आली तर मिस्त्री तिला सांगायचे, "तुम्ही बाईंकडे बसलात, माझ्याकडे कधी येणार?" शेजारीण पोट धरून हसायची.

पण थट्टा जुनी होत गेली आणि रेघ तशीच राहिली. पुसट झाली की मिस्त्री पुन्हा ओढायचे. त्यांची हत्यारं मागच्या खोलीत, खुर्ची मागच्या खोलीत, ताटही मांडीवर घेऊन ते उंबऱ्यात बसायचे. बाईंच्या भागात त्यांनी काम काही कमी केलं नाही. खिडकीला नवी चौकट केली, फळ्या केल्या, ओट्याखाली कपाट केलं, आणि ते असं की दार लावलं की फट शोधून सापडू नये. पण खिळा मारायच्या आधी प्रत्येक वेळी हातोडी खाली धरून विचारायचे, "बाई, तुमच्या भिंतीला एक खिळा मारू का?"

"अहो, मारा की! विचारता काय?"

"भिंत तुमची आहे. विचारायला नको?"

त्यांच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर बाईंना भांडता आलं असतं.

एकदा त्या हट्टालाच पेटल्या. मशीन थांबवून म्हणाल्या, "माझी चूक झाली, मिस्त्री. दहा वेळा सांगितलं. उद्या आपण दोघं जाऊ, कागद बदलून टाकू. दादाला कळायचंही कारण नाही."

मिस्त्री रंधा पुसत होते. "चोरून नको."

"चोरून कसलं?"

"त्यांच्यासमोर विचारलं होतं, बाई. त्यांच्यासमोर सांगा. मग मी येतो सही करायला."

बाईंनी मान हलवली. या रविवारी सांगते, म्हणाल्या. रविवारी भाऊ आला, "जेवलीस का?" म्हणाला, पेपर उघडला. बाईंनी चहा ठेवला. मागच्या खोलीत रंध्याचा आवाज थांबलेला होता. मिस्त्री ऐकत होते, हे बाईंना इतकं कळत होतं की कपात साखर किती घातली ते कळलं नाही. भाऊ म्हणाला, "आज चहा फार गोड झालाय." तेवढंच बोलणं झालं. तो गेल्यावर रंधा पुन्हा चालू झाला.

असे किती रविवार गेले ते बाईंनी मोजले नाहीत. तीन वर्षं गेली.

मग मिस्त्रींना खोकला लागला. आयुष्यभर भुसा छातीत भरलेला, तो आता बोलायला लागला होता. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि बाईंना बाहेर नेऊन सांगितलं, की आता फार करण्यासारखं नाही. घरी न्या, पण मोकळ्या हवेत ठेवा. खिडकीजवळ खाट टाका.

बाईंनी खिडकीखालचा पसारा आवरला, तिथं दुसरी खाट टाकली, चादर घातली. मिस्त्री उंबऱ्यात भिंतीला धरून उभे होते.

"चला," बाई म्हणाल्या.

"ते तुमच्यात येतं."

"मिस्त्री, आता पुरे."

"पुरेच म्हणतोय मी. इतकी घरं केली. प्रत्येक घरात पाहुणा होतो. शेवटचे चार दिवस तरी..." खोकल्यानं वाक्य तोडलं. श्वास जमल्यावर ते म्हणाले, "माझ्या सहा फुटांत मला राहू द्या. पाहुणा म्हणून मरायचं नाही मला."

आणि ते त्या झरोक्याच्या खोलीत आपल्या खाटेवर जाऊन पडले. बाई रात्रंदिवस त्यांच्या छातीचा आवाज ऐकत होत्या, लाकडात अडकलेल्या करवतीसारखा.

चौथ्या दिवशी दुपारी औषधानं त्यांचा डोळा लागला. बाईंनी ओलं फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसून जुनी रेघ घासून काढली. मग आपला कापडी टेप काढला. मागच्या खोलीतून, खाटेखालून, श्वास धरून माप घेत आल्या. अकरा फुटांवर खूण केली. बावीसचे निम्मे अकरा, खिडकी पूर्ण मिस्त्रींच्या बाजूला. मिस्त्रींची पट्टी आणि त्यांचीच पेन्सिल घेऊन त्यांनी रेघ ओढली. बाईंना कापडावर खडूनं आखायची सवय. दगडी फरशीवर पट्टी सरकली, दोन ठिकाणी पेन्सिल उचलावी लागली.

मिस्त्री उठले तेव्हा बाईंनी सगळं ठरवून ठेवल्यासारखं म्हटलं, "चला खिडकीशी. ते तुमच्यातच येतं. बघा रेघ."

मिस्त्री त्यांचा खांदा धरून पुढच्या खोलीत आले. नव्या रेघेकडे बघत उभे राहिले. लाकडाच्या फळीकडे बघावं तसा त्यांनी एक डोळा मिटला.

"कुणी ओढली?"

"तुम्हीच. विसरलात."

मिस्त्री हसले. हसताना दम लागला म्हणून खाटेच्या कडेवर टेकले. "बाई, तुमचा टेप ताणलाय."

"काय?"

"कापडी टेप. इतकी वर्षं ओढून ओढून ताणलाय. पाऊण इंच जास्त आलंय माझं."

बाईंच्या हातात अजून ओलं फडकं होतं. ते त्यांनी डोळ्यांना लावलं, काळं पाणी गालावर उतरलं, तरी कळलं नाही. "राहू देत की पाऊण इंच," त्या म्हणाल्या. "पाऊण इंचानं माझं काय जातंय?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "दादांना सांगितलंत?"

बाई फडक्याची घडी घालू लागल्या.

"मग हे उसनं. कागद होईपर्यंत उसनं." एवढं बोलून ते खिडकीखालच्या खाटेवर आडवे झाले. त्यांनी चौकटीकडे हात नेला, स्वतःच केलेल्या, आणि तिच्या खालच्या कडेला पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली. "एक दिवस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला बसवून बाई भावाच्या घरी गेल्या. रविवार नव्हता. भाऊ दाराशीच चपला घालत होता. बाईंनी आत जायचीही वाट बघितली नाही.

"दादा, घर निम्मं-निम्मं करायचंय. मिस्त्रींचं निम्मं. तेव्हाच सांगायचं होतं."

भावानं एक चप्पल हातात धरूनच वर बघितलं. "मग करून टाक की."

"तुला राग नाही?"

"मला कसला राग? घर तुझं. मला वाटलं तुलाच सत्तर-तीस हवंय. मी बोललो तेव्हा तू गप्प बसलीस ना."

बाई तिथंच पायरीवर बसल्या. भाऊ घाबरला, पाणी आणलं, "जेवलीस का?" म्हणाला, आणि या वेळी उत्तरासाठी थांबला. "आधी कचेरीत चल," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी दोघं कचेरीत गेले. कारकून तोच, चष्मा आणखी जाड झालेला. आजारी माणसाची सही घ्यायला तो घरी यायला तयार झाला, पण पुढच्या आठवड्याच्या शनिवारी. त्याआधी जमणार नाही म्हणाला. भावानं दोनदा विनवलं. नाही म्हणजे नाही.

बाईंनी धावत येऊन मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं.

"दादा समोर असणार?"

"असणार. स्वतः म्हणाला येतो."

"आणि तुम्ही सांगणार?"

"मीच सांगणार."

मिस्त्रींनी मान हलवली. त्या दिवसाची रेघ मात्र मारली. रोज मारत राहिले. सकाळी तोंड धुऊन झालं की आधी चौकटीवर एक रेघ, मग चहा. बाईंनी एकदा पेन्सिल लपवली तर म्हणाले, "बाई, उसनं घेतलेलं मोजायलाही द्यायचं नाही म्हणजे काय?" पेन्सिल परत द्यावी लागली. खिडकीच्या हवेनं त्यांना बरं वाटत होतं. गिरणीच्या छपरावर येणाऱ्या कबुतरांच्या जोड्या ते लावायचे आणि कोण कुणाशी भांडलं हे बाईंना सांगायचे. ऊन तोंडावर आलं की म्हणायचे, "बाई, तुमची खिडकी जरा ओढून घ्या."

शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मिस्त्रींनी तोंड खिडकीकडे केलेलं होतं आणि चहाची गरज उरलेली नव्हती.

पोरगी दुपारी पोचली. बापासारखीच उंच, बापासारखीच कमी बोलणारी. सगळं उरकल्यावर, शुक्रवारी, ती खाट आवरताना चौकटीपाशी वाकली.

"मावशी, हे काय गं?"

बाईंनी सांगितलं. पोरीनं बोट ठेवून रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"इथं किती दिवस होते बाबा?"

"अकरा. बुधवार धरून अकरा."

"रेघा नऊच आहेत."

बाई खाली बसल्या. त्यांनी स्वतः मोजल्या. नऊ. शेवटचे दोन दिवस मिस्त्रींनी मोजले नव्हते.

"हातात जोर राहिला नसेल," पोरगी म्हणाली.

"जोर होता." बाई घाईनं म्हणाल्या. "बुधवारी स्वतःच्या हातानं कप धरला. माझी कात्री मागून घेतली, तिचा स्क्रू आवळून दिला. जोर होता गं."

"मग विसरले असतील."

"ते? मोजायला?"

पोरगी चादरीची घडी घालू लागली. बाई त्या दोन दिवसांतलं एकेक वाक्य आठवू लागल्या. मंगळवारी ऊन आलं होतं, खिडकी ओढायला सांगितली होती. पण काय म्हणाले होते, 'तुमची खिडकी' की नुसतं 'खिडकी'? बाई पडदा शिवत होत्या, मशीन चालू होतं. त्यांनी उठून खिडकी ओढली होती, एवढं आठवत होतं. शब्द आठवत नव्हता. किती ताण दिला तरी आठवला नाही.

पोरीनं हत्यारं गोणीत भरली. निम्मं घर तुझं, असं बाईंनी दोन-तीनदा सांगितलं. तिनं मान हलवली. "बाबा तीस म्हणायचे, तर तीस. तेही तू आहेस तोवर तुझंच. मला काही नको." दाराशी तिनं पोलादी टेप गोणीतून काढून बाईंच्या हातात ठेवला. "हा इथं राहू दे. तुझा ताणलाय म्हणे."

शनिवारी ठरल्या वेळी कारकून आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. भाऊ मागोमाग आला, तो कळवायचंच विसरला होता, आता दारातच चुळबुळत उभा राहिला. कारकुनानं मशीनवर कागद पसरले, पेनाचं टोपण काढलं.

"हं. हिस्सा किती-किती?"

"निम्मं-निम्मं," बाई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. भाऊ समोर होता. त्याच्याकडे बघूनच म्हणाल्या.

कारकुनानं लिहिलं. "बरं. मिस्त्री कुठे आहेत? सही लागेल."

भावानं पुढे होऊन त्याच्या कानाला लागून सांगितलं. कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग टोपण लावलं, आणि ज्या कागदावर निम्मं-निम्मं लिहिलं होतं तो घडी घालून बाईंच्या हातात दिला. "याचा आता उपयोग नाही, बाई. पण ठेवा."

दोघं गेल्यावर बाईंनी दार लावलं. मिस्त्रींनी बसवलेली कडी पहिल्याच प्रयत्नात लागली. घरात दुपारचं ऊन होतं. फरशीवरची वाकडी रेघ, पाऊण इंच जास्तीची, तशीच होती. पोलादी टेप कुठे ठेवावा हे सुचेना. फळीवर ठेवला, काढला. मशीनवर ठेवला, काढला. शेवटी तो खिडकीशेजारी टांगायचा असं ठरलं. बाईंनी डब्यातून खिळा शोधला, वरवंटा घेतला, खाटेवर चढून भिंतीवर जागा बघितली. खिळा टेकवला. वरवंटा उचलला, आणि मग खाली धरला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुमच्या भिंतीला एक खिळा मारू का?"

आणि खिळा बोटांत धरून, खिडकीतून गिरणीच्या छपराकडे बघत, तशाच उभ्या राहिल्या.